मूळ प्रत कुणाच्या कपाटात

सेलूत कापसाचा हंगाम लागला की आधी चहात कळतं. टपरीवरच्या कपात साय समजून बोट घालावं तर बोटाला रुई लागते. मग ती सगळीकडे दिसायला लागते. विजेच्या तारांवर, लिंबाच्या पानांवर, न्हाव्याच्या आरशावर, शाळेतून येणाऱ्या मुलींच्या वेण्यांवर. जिनिंगची घरघर दिवसभर तळपायांतून वर चढत राहते. सरकीचा तेलकट, किंचित करपट वास कपड्यांत एकदा बसला की शिमग्यापर्यंत निघत नाही. हंगामात गाव खुशीत असतं. मी नसतो. मला शिंका येतात, आणि शिंकांबरोबर तीस वर्षांपूर्वीचा एक हंगाम येतो, ज्याविषयी मी बायकोशीसुद्धा कधी धड बोललो नाही.

यंदा बोलायचं कारण दारात येऊन बसलं. वैजनाथ आला. हा माझा तेव्हापासूनचा सोबती, सरकी-पेंडीच्या दुकानदाराचा मुलगा, आता स्वतःचा छापखाना आहे. सरांची पंच्याहत्तरी आहे, संक्रांतीला सत्कार, सत्कारात गौरव अंक. "दोन पानं दे," तो म्हणाला. "आठवणीतले सर. तुझ्याइतकं जवळून कोणी पाह्यलंय त्यांना? अन् गोड लिही. सणाचा दिवस हाय."

गोड लिहायला मी बसलो होतो. दोन दिवस बसलो. कागदावर जे उतरलं ते हे.

कॉम्प्युटर होता जिनिंगच्या ऑफिसात. मालकांनी वजनकाट्याच्या हिशेबासाठी हौसेनं आणला, आणि मुनीमजींनी त्याला हात लावायला साफ नकार दिला. बाजार बंद असे त्या दिवशी तो आमच्या ताब्यात यायचा. नारिंगी अक्षरांचा पडदा, खडखडणारा प्रिंटर, आणि शेजारी पंख्यासारखा गुणगुणणारा स्टॅबिलायझर. रुई आत येऊ नये म्हणून दारात ओलं गोणपाट टांगलेलं असे. फ्लॉपी आत सारण्याआधी तिच्यावर फुंकर मारायची, ही आमची पहिली शिकवणूक. तरी रुई जायचीच. यंत्र अडखळलं की वैजनाथ म्हणायचा, "कापसानं माणसाला धोतर दिलं अन् ह्याला खोकला."

सर कॉलेजात गणित शिकवत. त्यांच्या भाच्यानं पुण्याहून काही फ्लॉप्या आणल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर इंग्रजीतला एक मजकूर. अमेरिकेतल्या कुणा माणसाचा. सरांनी तो मराठीत करून आम्हाला उभं राहून वाचून दाखवला होता. प्रोग्राम ही कुणाची जहागीर नाही. ज्याला हवा त्यानं न्यावा, उघडून वाचावा, बदलावा, पुढच्याला द्यावा. जहागीर हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला असावा. निजामाच्या काळातल्या जहागिऱ्यांच्या गोष्टी आम्ही सगळ्यांनीच घरी ऐकल्या होत्या. माझ्या अंगावर काटा आला होता. तो काटा खोटा नव्हता, हे आजही सांगतो. सरांनी मराठी लिहिण्या-छापण्याचा प्रोग्राम केला, स्वतः केला, रक्त आटवून केला, आणि फुकट वाटला. परभणी, जिंतूर, पाथरी, जो येईल त्याला. हे त्यांचं मोठेपण. ते मी काढून घेत नाही. घ्यायचं म्हटलं तरी निघणार नाही.

आमची एक रीत होती. कुणाला प्रोग्राममध्ये चूक सापडली आणि त्यानं ती सुधारली, की बंदच्या दिवशी ती दुरुस्ती त्यानंच सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचायची. ओळ न् ओळ. कीर्तनात निरूपण चालावं तसं. बाकीच्यांनी शंका काढायच्या. पटली की सर ती मूळ प्रतीत उतरवून घेत, आणि प्रोग्राम सुरू होताना पहिल्या पडद्यावर त्या माणसाचं नाव येई. नकला शंभर झाल्या तरी मूळ प्रत एक. ती सरांच्या घरी लोखंडी कपाटात. किल्ली सरांच्या जानव्याला.

भारत त्या हंगामाच्या आदल्या वर्षी आला. बोरीच्या वस्तीतला, बी. एस्सी. झालेला, सेलूत कोर्टासमोर टायपिंगच्या क्लासात शिकवायचा. बोटं अशी चालायची की प्रिंटर मागं पडावा. सरांनी त्याला कधी जात विचारली नाही. ते अभिमानानं सांगत. विचारायची गरज नव्हती, गावाचं आणि वस्तीचं नाव सांगितलं की बाकीचं सगळ्यांना कळत होतं. हे कुणी सांगत नसे.

तेव्हा आमच्या छपाईत मोठी खोट होती. काना छापे, पण वरच्या मात्रा, वेलांट्या, अनुस्वार अर्धे कापले जात. मराठी भादरून निघायची. भारतनं प्रिंटरला एक ओळ तीन फेऱ्यांत छापायला लावली. वरच्या मात्रांची एक फेरी, मधल्या अक्षरांची एक, खालच्या उकारांची एक. त्यानं ती दुरुस्ती वाचली तो दिवस मला लख्ख आठवतो. ओल्या गोणपाटातून ऊन झिरपत होतं, आणि मंगलताई, कन्याशाळेतल्या आमच्या शिक्षिका, कागद हातात धरून नुसत्या बघत होत्या. "वेलांटी," त्या म्हणाल्या. "पुरी वेलांटी आली रे." सर उठले आणि भारतच्या पाठीवर थाप मारली. मला हेवा वाटला. तोही लिहून टाकतो. पुढं जे झालं त्यात ह्या हेव्याचा वाटा आहे.

काही आठवड्यांनी पहिल्या पडद्यावरची नावं गेली. फक्त सरांचं राहिलं. सर म्हणाले, नावं फार झाली, पडदा भरला, नावात काय ठेवलंय, काम बोलतं.

बाहेर विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पंधरा वर्षं धुमसत होता. माणसं मेली होती, घरं जळली होती. आमच्याच जिल्ह्यातल्या वस्त्यांवर जे झालं ते आम्हा सवर्णांच्या घरांत दार लोटून, हळू आवाजात बोललं जाई. भारत शांतपणे म्हणाला, "सर, नावात काई नसतंय तर एवढी गावं कशापायी पेटली?"

"राजकारण चपलेबरोबर बाहेर ठेव," सर म्हणाले.

"बाहेर ठेवल्या की चोरीला जातेत, सर."

सगळे हसलो. सरही हसले. पण नाव काही परत आलं नाही.

मग भारतनं दुसरी गोष्ट काढली. मूळ प्रत पाळीपाळीनं सगळ्यांकडं असावी. दर चार महिन्यांनी एकाकडं. कुठली दुरुस्ती घ्यायची, कुणाचं नाव लावायचं, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

सरांचा चेहरा उतरला नाही, ताठरला. "विश्वास नाही का माझ्यावर?"

"विश्वासाचा प्रश्न न्हाई." भारत माझ्याकडं वळला. "परकाश, तुझ्या गावचा कालवा कसाय, सांग की. मुखाशी ज्याचं रान, त्यो काय म्हणतोय?"

माझं गाव पाथरीच्या अंगाला, कालव्याच्या शेपटाला. आमच्याकडं पाणी पोचेपर्यंत गहू वाळायचा. मुखापाशी ज्यांचे मळे, ते प्रत्येक बैठकीत सांगत की पाणी सगळ्यांचं आहे. दार मात्र त्यांच्या हातात. मी हे सगळं बोललो. जोरात बोललो. बोलताना मला फार बरं वाटलं. बैठक उठल्यावर भारतनं विचारलं, "हात वर करशील ना?" मी म्हणालो, "करणारच की." पुढच्या बंदच्या दिवशी हात मोजायचं ठरलं.

त्याच आठवड्यात, मोजणीच्या तीन-चार दिवस आधी, सरांनी परस्पर मला घरी बोलावलं. चहा झाला. सर म्हणाले, "मी काय जन्मभर कपाट सांभाळणार आहे? माझ्यामागं किल्ली तुझ्याकडेच यायची आहे, प्रकाश. तुला घाई आहे का?"

मी नाही म्हणालो. घाई नव्हती. हाव होती.

आणि मधेच एक जाहीर कार्यक्रम आला. नगरपरिषदेच्या सभागृहात आमच्या प्रोग्रामचं प्रात्यक्षिक. तालुक्याचे साहेब, कॉलेजचे प्राचार्य, व्यापारी. पाहुण्यांना मानपत्र द्यायचं, तेही तिथंच, सगळ्यांसमोर छापून. सकाळी मी सरांच्या शेजारी स्टुलावर बसलो होतो. मानपत्र एका पानात मावेना, शेवटच्या दोन ओळी दुसऱ्या पानावर जात. सरांनी प्रोग्राम उघडला, भारतच्या छपाईच्या भागात शिरले, आणि ओळींमधलं अंतर कमी केलं. मी म्हणालो, "सर, भारतला विचारू का?" ते म्हणाले, "एवढ्यानं काही होत नसतं." चाचणीला वेळ नव्हता. मांडववाले कॉम्प्युटर न्यायला आले होते.

प्रिंटर खडखडला, पान बाहेर आलं. प्राचार्यांनी माइकसमोर ते वर धरलं आणि वाचायला लागले, आणि अडखळले. ओळी जवळ आल्यानं वरच्या मात्रांच्या फेरीला जागाच उरली नव्हती, सगळ्या ओळींचे वरचे भाग छाटलेले. पाहुण्यांचं नाव तर असं आलं होतं, जणू डोकं उडवून फक्त धड पाठवलंय. मागं कुणीतरी म्हणालं, "साहेबांची टोपी ऱ्हायली वाटतं जिनिंगात." सभागृह हसलं. साहेबही हसले, पण त्यांनी मानपत्र घडी घालून खिशात ठेवलं नाही, टेबलावर सोडलं.

सरांनी माइक घेतला. "छपाईचा हा भाग आमच्या एका नव्या विद्यार्थ्यानं केला आहे. उत्साही आहे. अजून कच्चा आहे."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. सगळी डोकी मागच्या रांगेकडं वळली. भारत उभा राहिला. "काल माझ्याकडं नीट छापलं होतं," एवढंच तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं काय झालं ते. मला कळत होतं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, हातात गुलाबपाण्याची झारी.

संक्रांत उलटून गेली आणि आम्ही हात मोजायला बसलो. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय नुकताच जाहीर झाला होता. कुठं गुलाल, कुठं बंद दारं. ऑफिसात तिळगुळाची ताटली फिरली. सर म्हणाले, "गोड बोला." मग म्हणाले, मूळ प्रत पाळीनं द्यायला त्यांची हरकत नव्हती, पण कार्यक्रमात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. उद्या कच्च्या हातात प्रत गेली तर एवढ्या वर्षांची मेहनत मातीत जाईल. चळवळीचं नाव जाईल.

वैजनाथ म्हणाला, "सर हायेत म्हणून आपण हावोत. सर न्हाई तर हे डबडं हाय."

मंगलताई म्हणाल्या, "पण सर, नेम तुमचाच आहे. कुणीही बदलावा, कुणाचीही जहागीर नाही."

"नेम आहेच. मी कुणाला प्रत न्यायला अडवलं?"

मंगलताईंनी हात वर केला. भारतनं केला. आणखी एक-दोन. भारतनं माझ्याकडं पाहिलंही नाही, इतकी त्याला खात्री होती. खिडकीतून दिसणाऱ्या कापसाच्या गंजीवर एक कुत्रं चढत होतं, सारखं घसरत होतं. मी ते बघत बसलो. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. अंतर सरांनी बदललं, मी शेजारी होतो. प्रोग्राम उघडा होता. तिथल्या तिथं, त्याच यंत्रावर, कुणालाही दाखवता आलं असतं. बोललो नाही. तोंडात तिळगुळ होता, ही सबबसुद्धा मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला सांगून पाहिली.

मोजणी झाल्यावर भारतला दिसलं. तो म्हणाला, "कालव्याचं लय चांगलं बोलला होतास गड्या." आणि गोणपाट बाजूला सारून गेला.

तो गेला तो प्रोग्रामची नक्कल घेऊन. परभणीला स्टँडजवळ क्लास काढला, प्रोग्रामला दुसरं नाव दिलं, मात्रा पुन्हा पुऱ्या केल्या, आणि येईल त्याला वाटला. सर संतापले. "चोर आहे तो." कुणीही न्यावं असं ज्यांनी उभं राहून वाचलं होतं, तेच चोर म्हणत होते. आणि मी मान हलवत होतो. पुढं त्याच्या प्रोग्रामची एक फ्लॉपी माझ्या हाती आली. दार लावून मी ती चालवली. पहिल्या पडद्यावर सगळ्यांची नावं होती. सर्वांत वर सरांचं. मंगलताईंचं. वैजनाथचं. माझंही. मी यंत्र बंद केलं.

किल्ली यथावकाश माझ्याकडं आली. साध्या दोऱ्यात ओवलेली. तोवर कपाटातल्या प्रतीला कुणी विचारत नव्हतं.

आता मी कॉलेजात मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात मोठमोठी भांडणं चालतात, ती वाचतो. संस्थापकाचं काम बघायचं की वागणं? त्यानं दार उघडलं म्हणून दारात त्यानंच बसायचं का? ज्यानं स्वातंत्र्याचा अर्थ सांगितला, त्याला प्रश्न विचारला तर स्वातंत्र्याचं काय होईल? माझे विद्यार्थी हिरिरीनं वाद घालतात आणि मला विचारतात, सर, तुमचं मत? आजवर मी सांगत आलो की दोन्ही बाजूंना तथ्य आहे.

नाही. दोन्ही बाजूंना तथ्य नाही. आज लिहून ठेवतो, ज्याला राग यायचा त्याला येऊ द्या. माणसाच्या उपकाराखाली चळवळ गाडायची नसते. सरांवाचून हे उभं राहिलं नसतं, हे खरं. आणि म्हणूनच सरांना त्या दिवशी खोटं बोलू द्यायला नको होतं, हेही खरं. पहिलं वाक्य दुसऱ्याला खोडत नाही. आम्ही मात्र तीस वर्षं पहिलं वाक्य खडूनं दुसऱ्यावर गिरवत आलो. प्रोग्राम सगळ्यांना वाचायला खुला होता, याचा आम्हाला केवढा गर्व. पण वाचलेलं बोलायची छाती नसेल तर खुलं असून काय उपयोग? कुलपाची गरज सरांना नव्हतीच. कुलूप मी होतो.

तुम्ही म्हणाल, ओळींमधल्या अंतरासाठी एवढं? हो, एवढं. एका माणसाला भर सभेत कच्चा ठरवलं, त्याच्या चुकीसाठी नाही, आणि ते सहज खपलं, कारण तो कच्चा असणार यावर सभागृहाचा आधीच विश्वास होता. माझ्या हातून तसं झालं असतं तर सर म्हणाले असते, यंत्र बिघडलं.

लिहून झाल्यावर मी भारतला फोन केला. तीस वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा त्याचे वडील गेल्याचं कळलं तेव्हा केला होता आणि हवापाण्याचं बोललो होतो. आता सगळं वाचून दाखवलं. मागं त्याच्या नातवाचं काहीतरी चाललं होतं.

"मला लय मोठा करू नको त्याच्यात," शेवटी तो म्हणाला. "मी बी पाच-सहा वर्षं मूळ प्रत माझ्यापाशीच ठिवली होती. पोरंच म्हणली, सर, पाळी कवा? तवा दिली. लाज वाटली, पण दिली."

"भारत, माझं..."

"ते ऱ्हाऊ दे. माफी-बिफी फोनवर नको. सरांना दाखवलंस का?"

"नाही."

"मग मला कशाला वाचून दाखवायलास? मला ठावं हाय काय झालं ते. त्यांना दाखव."

वैजनाथनं पानं वाचली तेव्हा त्याचा चष्मा हातातच राहिला. "येडा का खुळा तू? पंच्याहत्तरीला?" मग म्हणाला, त्या सभेत मीच बोललो होतो, सर न्हाई तर हे डबडं हाय. ते काढ. मी म्हणालो, काढत नाही, तू बोलला होतास. तो म्हणाला, मग छापत न्हाई. मी म्हणालो, परभणीत छापखाने आहेत. तो पाय आपटत गेला, आणि संध्याकाळी निरोप धाडला: सर हो म्हणले तरच.

काल दुपारी सरांकडं गेलो. आता ते फारसं वाचू शकत नाहीत, मोतीबिंदूचं झालंय. अंगणात खुर्चीवर बसले होते, खांद्यावर उपरणं, उपरण्यावर रुई. मी म्हणालो, सर, गौरव अंकासाठी लिहिलंय, वाचतो. ते खूश झाले. मी वाचायला लागलो. जहागिरीपाशी त्यांनी मान हलवली. वेलांटीपाशी हसले. मानपत्राची सकाळ आली तेव्हाही वाचत राहिलो. "सरांनी प्रोग्राम उघडला, भारतच्या छपाईच्या भागात शिरले, आणि ओळींमधलं अंतर कमी केलं."

"दोन ठिकाणी," सर म्हणाले.

मी थांबलो.

"अंतर एका ठिकाणी बदलून भागत नव्हतं. वरच्या फेरीचं वेगळं होतं, खालच्या फेरीचं वेगळं. मी दोन्ही बदलली. तू नीट पाहिलं नाहीस."

अंगणात नुसती जिनिंगची घरघर होती. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. उपरण्यावरची रुई ते बोटानं टिपत राहिले, एकेक, गणिताचं पान तपासावं तसं. मी पुढचं वाचलं. तिळगुळ, हात, चोर हा शब्द, सगळं. एकही ओळ गाळली नाही.

"तुला तेव्हाच माहीत होतं," ते म्हणाले. "मग मला तिथंच का नाही अडवलंस?"

"ते माझं. ते मी लिहिलंय."

"मी असेपर्यंत छापू नकोस, प्रकाश."

त्यांच्या पायाशी बसून मी कॉम्प्युटरची सी भाषा शिकलो होतो. त्यांना नाही म्हणायची मला सवय नाही.

"तुम्ही असतानाच छापायचंय, सर," मी म्हणालो. "नंतर छापलं तर ती चहाडी होईल. आता तुम्ही उत्तर तरी देऊ शकता."

ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी पानं सारखी केली, पेन काढलं, आणि त्यांच्यासमोरच ओळीच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'दोन ठिकाणी' लिहिलं. मग उठलो आणि परभणीची बस धरली.